एका ट्यूबलाइटखालचे तीन ढीग: वेगळी जात की पोटहिस्सा?

निवृत्त तलाठी, कुडाळ

नमस्कार मंडळी. चौतीस वर्षं तलाठी होतो, आता पेन्शनर. प्रश्न किड्यांचा आहे, पण माझ्या तोंडून भाषा सातबाऱ्याचीच निघणार. सांभाळून घ्या.

आमच्या ओटीवरच्या ट्यूबखाली पावसाळ्यात एक बारीक किडा येतो. लांबी सात-आठ मिलिमीटर, चाल मुंगीसारखी. डोकं काळं, मान भगवी, त्याखाली निळसर चकाकीची आखूड बंडी, मग उघडं भगवं पोट आणि शेवटचं टोक पुन्हा काळं. डिवचला की विंचवासारखं ढुंगण वर करतो. इथे सगळे त्याला 'ॲसिडचा किडा' म्हणतात. गेल्या वर्षी माझ्या मानेवर चिरडला गेला आणि दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठून त्यावर फोड आले. बायको म्हणाली, कोळी मुतला. शेजारीण म्हणाली, नागीण. तिथून माझं डोकं फिरलं आणि मी ते गोळा करायला लागलो. (मंडळींचं म्हणणं, 'ह्या वयात तुमका ह्या किड्यांचा खूळ खंयसून लागला?' त्याला माझ्याकडे उत्तर नाही.)

तीन पावसाळ्यांत ६३ नग जमले. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, त्यात स्पिरिट, आणि प्रत्येकीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: तारीख, जागा, दिवा की शेत. नोंद केल्याशिवाय मला झोप येत नाही.

आता त्यांचे तीन ढीग पडलेत.

ढीग अ, ४१ नग. वर वर्णन केला तो नेहमीचा.

ढीग आ, १८ नग. त्याच ट्यूबखालचे, बरेचसे त्याच रात्रींचे. पण मांडीचं टोक, म्हणजे गुडघा, काळपट. मानही जरा जास्त तांबूस.

ढीग इ, फक्त ४ नग. हे आंबोलीला भाच्याच्या घरामागच्या बागेत मिळाले. बंडी आणखी आखूड, खांद्याकडे निमुळती. सुईने उचलून पाहिली तर खाली पंखच नाहीत! अ आणि आ यांच्या बंडीखाली लांब पंख घडी घालून ठेवलेले असतात, ते मी स्वतः उलगडून पाहिलेत.

भाच्याच्या मोबाइलमधलं ॲप पहिल्याला 'पेडेरस फ्युसिपेस' म्हणतं, दुसऱ्याला नुसतं 'पेडेरस' आणि तिसऱ्याला काहीच धड म्हणत नाही. मग मी माल्कम कॅमेरॉन या साहेबाचा १९३१ चा खंड स्कॅन करून ठेवलेला मिळवला. हा मनुष्य इंग्रजांच्या नौदलात डॉक्टर होता, पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत हेच किडे बघत बसला आणि हिंदुस्थानातल्या या कुळावर (स्टॅफिलिनिडी, म्हणजे आखूड बंडीच्या भुंगेऱ्यांचं कुळ) १९३० ते १९३९ या काळात त्याने खंडच्या खंड लिहिले. महिनाभर डिक्शनरी घेऊन वाचतोय. जुन्या लिखाणात कुठे नावापुढे 'व्हार.' लिहिलेलं आढळतं, कुठे दोनाऐवजी तीन शब्दांचं नाव.

तर प्रश्न असा. माझे तीन ढीग म्हणजे तीन वेगळे गट नंबर, की एकाच गटाचे तीन पोटहिस्से? म्हणजे जाती की उपजाती? आणि 'व्हार.' म्हणजे नक्की काय, ते सातबाऱ्याच्या कुठल्या रकान्यात बसतं? भाचा म्हणतो, आंबोलीवाल्याला 'पेडेरस फ्युसिपेस आंबोलीएन्सिस' असं नाव ठोकून द्या. मला ते फार घाईचं वाटतं, पण मनात लाडू फुटतात हे कबूल करतो.

भातवाला, राजापूर

काका, ६३ मारलेत? हा किडा भातातले तपकिरी तुडतुडे खातो. दिवसा चुडात वर-खाली पळत असतो, आम्ही त्याला हातही लावत नाही. अंगणातली ट्यूब काढून पिवळा दिवा लावा, घरात येणारे पुष्कळ कमी होतील. जातीचं मला काही कळत नाही.

त्वचाडॉक्टर, मिरज

वर्गीकरणावर मी बोलणार नाही, पण बाटल्या हाताळताय म्हणून लिहितो.

हा किडा चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातला द्रव कातडीला लागतो. त्यात पेडेरिन नावाचं विष असतं. आग आणि लाली लगेच येत नाही, साधारण १२ ते ४८ तासांनी येते. म्हणून रात्री काय झालं ते रुग्णाला आठवत नाही आणि सकाळी तो 'नागीण' म्हणून येतो. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत लागलं तर समोरासमोरच्या दोन्ही कातड्यांवर एकाच आकाराचा डाग उठतो. ती खूण दिसली की मी नागीण मनातून काढून टाकतो.

गंमत म्हणजे हे विष किडा स्वतः बनवत नाही, त्याच्या पोटातले जिवाणू बनवतात, आणि ते प्रामुख्याने माद्यांमध्ये असतात. सुकलेल्या किड्यातही विष वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा काका, स्पिरिटमधून काढलेला नग बोटांनी चिमटू नका आणि त्या हाताने डोळा चोळू नका. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा.

औषधोपचारापुरतं म्हणाल तर अ, आ, इ सगळे मला सारखेच.

शब्दकोडे

थोडं अवांतर. इथे सगळे 'जाती' लिहितायत ते पाहून बरं वाटलं. मराठी विश्वकोशात स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' किंवा 'वंश' आहे. वर्तमानपत्रं मात्र बिनदिक्कत स्पीशीजला 'प्रजाती' म्हणतात. त्यामुळे 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी आली की नवा जीनस सापडला की नवी स्पीशीज, ते आत वाचल्याशिवाय कळत नाही. या धाग्यात कृपया एकच काय ते ठरवा.

बारीकसारीक

काका, तुमच्या चिठ्ठ्यांबद्दल आधी नमस्कार घ्या. संग्रहालयातल्या कितीतरी जुन्या नगांवर नुसतं 'भारत' एवढंच लिहिलेलं असतं. मी याच कुळावर काम करते, पण माझा विषय पेडेरस नाही. त्यामुळे नाव सांगणार नाही, नाव कसं काढायचं ते सांगते. (शब्दकोडे, जात म्हणजे स्पीशीज. ठरलं.)

तुमचाच दाखला घेऊ. एका गटाचे दोन पोटहिस्से असतील तर दोघांची चतुःसीमा एकच असू शकते का? नाही ना? उपजातीचंही तसंच आहे. उपजात म्हणजे एकाच जातीचा, पण वेगळ्या मुलखात राहणारा आणि त्या मुलखात सगळा मिळून जरा वेगळा दिसणारा समूह. हद्दीवर दोघं भेटले तर त्यांच्यात संकर होतो आणि मधले नमुने सापडतात. म्हणजे उपजातीला जमीन लागते, नकाशा लागतो. तुमचे अ आणि आ एकाच रात्री एकाच ट्यूबखाली आले. तिथे दोनच शक्यता उरतात: एक तर दोन स्वतंत्र जाती शेजारी-शेजारी नांदतायत, नाही तर एकाच जातीतला नुसता रंगाचा फरक आहे. उपजातीचा प्रश्नच मिटला. नुसत्या चिठ्ठ्यांवर मिटला, किडा बघायचीही गरज पडली नाही.

आता रंगाचं. कोशातून नुकता बाहेर आलेला भुंगेरा फिकट असतो, पुढे गडद होत जातो. स्पिरिटमध्ये ठेवला की भगवा रंग हळूहळू उतरतो. तुमची पहिल्या पावसाळ्यातली बाटली आणि यंदाची बाटली शेजारी ठेवून बघा बरं. गुडघ्याच्या रंगाचा उपयोग होतो, नाही असं नाही. 'फ्युसिपेस' या नावाचाच अर्थ 'काळपट पायांचा' असा आहे. पण एकट्या रंगावर या कुळात फार लोक फसलेत.

मग बघायचं काय? नराचं जननांग. आमच्या धंद्यात अर्धा वेळ यातच जातो आणि घरी सांगायची सोय नसते. आधी नर ओळखा. किडा उताणा करा. पोटाच्या खालच्या बाजूला टोकाजवळच्या आठव्या पट्टीला मधोमध खोल खाच असेल तर तो नर. मादीला ती खाच नसते. दहापट भिंगातून दिसेल, डोळे ताणावे लागतील. पुढचं काम मात्र भिंगाचं नाही. जवळच्या कॉलेजात स्टिरिओ मायक्रोस्कोप असतो, तो मागा.

किडा कोमट पाण्यात मऊ करा. बारीक सुईचं टोक किंचित वाकवून आकडा बनवा आणि पोटाच्या टोकातून तो अवयव अलगद ओढून काढा. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात थोडा वेळ ठेवला की चिकटलेलं मांस विरघळतं आणि कडक भाग तेवढा राहतो. (चष्मा लावा. पोटॅश पेडेरिनपेक्षा वाईट.) मग मधला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे हात बघा: लांबी किती, टोकं कशी वळलीत. बाजूने एक आणि वरून एक, अशी दोन चित्रं काढा. फोटोपेक्षा हाताने काढलेलं चित्र बरं, कारण काढताना बघावंच लागतं. शेवटी तो अवयव त्याच किड्याच्या कार्डावर, त्याच्या शेजारी चिकटवा. वेगळ्या डबीत ठेवलात की महिन्याभरात कुणाचा कुठला ते विसराल.

हे सगळं अ मधल्या पाच-सहा आणि आ मधल्या पाच-सहा नरांवर करा. जोड्या जुळल्या तर आ चा ढीग अ मध्ये ओता आणि विसरा.

इ चं प्रकरण वेगळं आहे. पेडेरसच्या कितीतरी डोंगरी जातींना उडायचे पंखच नसतात आणि पंख गेले की वरची बंडीही आखूड आणि खांद्याकडे निमुळती होते. तुम्ही नेमकं तेच लिहिलंय. फ्युसिपेस हा पंखवाला, दिव्याला येणारा, इंग्लंडपासून आपल्या भातापर्यंत पसरलेला किडा. न उडणारा किडा मात्र एकेका डोंगरावर अडकून पडतो आणि अशा अडकलेल्यांच्या निराळ्या जाती बनत जातात. त्यामुळे तुमचा इ फ्युसिपेसची उपजात असेल असं मला वाटत नाही. तो पोटहिस्सा नव्हे, दुसऱ्या गावातला वेगळा गट नंबरच असावा, आणि त्याचा सातबारा बहुधा आधीच कुणीतरी उघडलेला असेल. तो शोधण्यात खरे कष्ट आहेत.

'व्हार.' बद्दल. १९६१ च्या आधी कुणी 'व्हरायटी' किंवा 'फॉर्म' म्हणून नाव छापलं असेल, तर प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेप्रमाणे ते बहुधा उपजातीच्या दर्जाचं धरतात. लेखकाने स्वतःच उपजातीपेक्षा खालचा फरक म्हणून दिलं असल्याचं स्पष्ट असेल तर ते बाद. १९६० नंतर दिलेलं 'व्हरायटी' नाव तर सरळ बादच. म्हणजे तुमच्या भाषेत, जुनं 'व्हार.' कब्जेदार म्हणून लागू शकतं, नवं 'इतर हक्क' च्या रकान्यातही चढत नाही.

नावाच्या शेवटचा कंस तुम्ही पाहिला असेल. 'पेडेरस फ्युसिपेस कर्टिस, १८२६' यात कंस नाही, कारण कर्टिसने नाव दिलं तेच मुळी पेडेरस या वंशात. 'पेडेरस रायपेरियस (लिनियस, १७५८)' इथे कंस आहे, कारण लिनियसने त्याला स्टॅफिलिनस म्हटलं होतं, नंतर तो पेडेरसमध्ये आला. कंस म्हणजे फेरफार झाल्याची खूण. आणि एखाद्या जातीत कुणी उपजात पाडली की मूळच्या हिश्श्यालाही आपोआप तिहेरी नाव मिळतं, त्यात मधला शब्द पुन्हा येतो. उरलेल्या जमिनीलाही हिस्सा नंबर पडतो ना, तसं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या कुळात नव्या उपजाती पाडू नयेत. जुन्या लोकांनी डोंगरागणिक पाडल्या. आता जननांग तपासलं की त्यातल्या काही सरळ जाती निघतात, काहींत फरकच सापडत नाही. मधल्या दर्जाची सोय हवी असते ती बहुतेक वेळा आपलं ठरत नसतं म्हणून.

हो, आणि एक राहिलं. आंबोलीत भाच्याच्या स्वतःच्या बागेपुरतं ठीक आहे, पण संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका. परदेशात कुणाला नग पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आड येतो, परवानगीशिवाय टपालात टाकू नका.

शब्दकोडे

ताई, मग ली हर्मन यांचा या कुळाचा तो प्रचंड कॅटलॉग आहे ना, २००१ चा? त्यात बघितलं की झालं.

बारीकसारीक

सात भाग, चार हजारांहून जास्त पानं, आणि नेमकं पेडेरसचं उपकुल त्यात घेतलेलं नाही. काकांचं नशीब.

निवृत्त तलाठी, कुडाळ

ताई, तुमचं उत्तर छापून घेतलं आणि भिंतीला लावलं. चतुःसीमेचा मुद्दा माझ्या डोक्यात यायला हवा होता. नोकरीत किती लोकांना तो समजावला, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा रंग बघत बसलो.

पाच आठवडे गेले, आता अहवाल.

पहिल्या वर्षीच्या बाटल्या यंदाच्या शेजारी ठेवल्या. लाज वाटली. आ ढिगातले १८ पैकी १६ नग यंदाचेच! तांबूस मान म्हणजे ताजा रंग, बाकी काही नाही. काळा गुडघा मात्र जुन्यांतही दोघांना आहे, तो रंग उतरल्याने आलेला नव्हे.

एका कॉलेजातल्या प्राध्यापिका बाईंनी शनिवारी दुपारी मायक्रोस्कोप वापरू दिला. पहिले दोन नर फुकट गेले, आकडा जास्त वाकला होता. शिवणाच्या सुईपेक्षा कीटकांची बारीक टाचणी बरी, हे तिसऱ्याला कळलं. मग अ चे सहा आणि आ चे पाच, असे अकरा नर नीट काढले. चित्रं काढली, बाजूने आणि वरून. चित्रकलेत मी शाळेत काठावर पास होणारा, पण नकाशे आयुष्यभर उतरवलेत, ते कामाला आलं. अकराही चित्रं ट्रेसिंग पेपरवर एकावर एक ठेवली. एकच जात. दोन्ही हात तसेच, टोकाचं वळण तसंच. काळे गुडघे घरचेच निघाले. आ ची चिठ्ठी फाडली नाही, शेरा मारला: 'ढीग अ मध्ये समाविष्ट, पाहा चित्र ७ ते ११.'

ही चित्रं फ्युसिपेसच्या छापील चित्रांशी प्राध्यापिका बाईंनी ताडून पाहिली, त्यांना ती जुळतात असं वाटतं. मी चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहिलंय.

आता इ. चारपैकी तीन माद्या. नर एकच. तो मी शेवटी राखून ठेवला होता, हात बसल्यावर करू म्हणून. मऊ केला, टाचणी लावली, अवयव अर्धा बाहेर आला, आणि तेवढ्यात मला शिंक आली. टेबलावर नाही, फरशीवर नाही, माझ्या शर्टावर नाही. प्राध्यापिका बाई, त्यांचा शिपाई आणि मी असे तिघं गुडघ्यावर बसून तासभर फरशी धुंडाळत होतो. तांदळाच्या कण्याहून बारीक गोष्ट. मिळाली नाही.

तेव्हा आंबोलीच्या चार बाटल्यांवर आता एवढंच आहे: 'पेडेरस, पंखहीन, जात अनिश्चित.' भाच्याने विचारलं, आंबोलीएन्सिसचं काय झालं? म्हटलं, शिंकेत गेलं.

भातवाले भाऊ, ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. किडे खरंच कमी झाले. माझा पुरवठाही.

ताई, एक विचारायचं राहिलं. कुठेतरी वाचलं की या कुळात पूर्वीची वेगळी कुळंच्या कुळं विलीन केलीत. असं करता येतं?

बारीकसारीक

शिंकेचं वाईट वाटलं, पण असं आमच्यातल्या प्रत्येकाचं एकदा होतं. माझं पंख्याने झालं होतं.

येतं हो. प्सेलाफिडी नावाचं कुल होतं, मुंग्यांच्या वारुळांत आणि पाल्यात राहणारे चिमुकले भुंगेरे. १९९५ साली त्याचं उपकुल झालं. २००९ साली सिडमेनिडी आलं. मढ्यावर येणारे मोठे भुंगेरे, सिल्फिडी, २०२४ च्या कामात याच घरात आणलेत, आणि त्यांची बंडी तर लांब असते. एका झाडाची फांदी आपण वेगळं झाड म्हणून मोजत होतो असं लक्षात आलं की ती परत मूळ खात्यात लावावी लागते. आजमितीला या एका कुळात ६० हजारांहून जास्त जातींची नावं आहेत. तुमच्या हाताखाली एवढी खाती होती का?

इ साठी पुढच्या पावसाळ्यात निदान चार-पाच नर हवेत. आणि चिठ्ठीवर समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि पाल्याखाली की दगडाखाली, तेवढं लिहा. न उडणाऱ्या किड्याला दोनशे मीटरचा चढही परमुलूख असतो.

निवृत्त तलाठी, कुडाळ

माझ्या सज्ज्याची खाती तीन हजारांच्या आत होती, आणि तेवढ्यातच केस पांढरे झाले.

उंची भाच्याच्या मोबाइलवर बघून लिहितो. बाकीचं आधीच लिहिलेलं आहे. तीन ओल्या पाल्याखाली, एक दगडाखाली. नर तो दगडाखालचा.